वाफू आणि आपली पर्यायांची वही

अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत एक वही असते. कधी ती खरोखरची वही असते, कधी फोनमधली टिपणं, कधी नुसतं मावशी-काकूंच्या तोंडून चालत आलेलं ज्ञान. बिस्क्विकचे गुलाबजाम. रिकोटा चीजची रसमलाई. चक्क्याऐवजी ग्रीक योगर्टचं श्रीखंड. रव्याऐवजी क्रीम ऑफ व्हीट. घाईच्या दिवशी पोळीऐवजी टॉर्टिया. प्रत्येक नोंदीच्या शेवटी, लिहिलेलं असो वा नसो, एकच वाक्य असतं : ‘तशी चव येत नाही, पण चालतं.’

या वहीने आपल्या दोन पिढ्यांना जेवू घातलं आहे, तेव्हा तिची टिंगल करायचा माझा इरादा नाही. पण सोनोको साकाई यांचं ‘वाफू कुकिंग’ (क्नॉफ, 2024) वाचताना मला त्या शेवटच्या वाक्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं. साकाई लॉस एंजेलिसमध्ये राहतात. आपण जिथून भाजी आणतो तसल्याच दुकानांतून त्याही आणतात. त्यांनाही घरचं सगळं सामान मिळत नाही. तरी त्यांच्या लिहिण्यात ‘चालतं’चा सूर नाही. तो सूर त्यांना कसा टाळता आला, आणि आपल्याला का टाळता येत नाही, हे या पुस्तकाच्या निमित्ताने तपासून पाहण्यासारखं आहे.

आधी शब्दाबद्दल. ‘वाफू’ ऐकून मराठी कानाला वाफ आठवते, पण तिचा इथे संबंध नाही. ‘वा’ म्हणजे जपानी आणि ‘फू’ म्हणजे ढंग, धाटणी. बाहेरून आलेला पदार्थ जपानी चवीत बसवला की तो वाफू. किसलेला मुळा आणि सोया सॉस घातलेलं हॅम्बर्ग स्टेक हे वाफू. सोया सॉस, लोणी आणि मशरूम घालून केलेली स्पॅगेटी हीसुद्धा वाफू. याच्या शेजारी आणखी दोन शब्द ठेवावे लागतात. ‘वाशोकु’ म्हणजे परंपरेने चालत आलेलं जपानी जेवण. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2013 मध्ये गेलं ते हेच. ‘योशोकु’ म्हणजे मेजी काळापासून जपानमध्ये रुजलेले पाश्चात्त्य वळणाचे पदार्थ : ऑम्लेटात गुंडाळलेला भात, बटाट्याचे कोरोक्के वगैरे. म्हणजे परक्या पदार्थाचं काय करायचं, यासाठी जपानी भाषेत रोजच्या वापरातले शब्द आहेत. आपल्याकडे त्याच जागी ‘ऐवजी’ हे एकच अव्यय आहे.

साकाई यांचा जन्म न्यूयॉर्कचा. बालपण जपान, मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात गेलं. अनेक वर्षं त्यांनी चित्रपटांच्या व्यवसायात काम केलं आणि नंतर त्या सोबा नूडल्स हाताने कशा करायच्या याचे वर्ग घेऊ लागल्या. इतक्या देशांत वाढलेल्या बाईला ‘अस्सल काय’ हा प्रश्न एका गावात जन्म काढलेल्या माणसासारखा पडत नसणार. त्यांच्या लिहिण्यातला मोकळेपणा काही अंशी तिथून येतो. पण तेवढ्यावर पुस्तक उभं राहत नाही. त्यामागे अजून दोन पुस्तकं आहेत, आणि मला वाटतं खरं उत्तर त्यांच्यात आहे.

पहिलं शिझुओ त्सुजी यांचं ‘जॅपनीज कुकिंग : अ सिंपल आर्ट’ (1980). त्सुजी ओसाकातल्या नावाजलेल्या पाकशाळेचे प्रमुख होते आणि हे जाडजूड पुस्तक त्यांनी इंग्रजी वाचकासाठी रचलं. त्याच्या पहिल्या भागात प्रकरणं आहेत ती पद्धतींची : भाजणं, वाफवणं, रसात शिजवणं, तळणं, कालवणं. दुसरं पुस्तक साकाई यांचंच ‘जॅपनीज होम कुकिंग’ (2019). त्याचीही सुरुवात पायापासून होते. दाशी कशी काढायची, मसाले आणि सॉस घरी कसे करायचे, आणि मग पुढे पदार्थ. त्यात जपानी करीची वडीसुद्धा विकत न आणता लोणी आणि पीठ भाजून, घरच्या मसाल्याने करायला सांगितली आहे. म्हणजे ‘वाफू कुकिंग’मधली मोकळीक आभाळातून पडलेली नाही. आधी व्याकरण लिहून झालं आणि मग बोली आली.

व्याकरण म्हणजे नेमकं काय, ते एका भाजीवरून पाहू. शरद ऋतूत अमेरिकन दुकानांत कबोचा येतो. हिरवी साल, केशरी गर, आपल्या लाल भोपळ्यापेक्षा घट्ट आणि कोरडा. त्याचं नाव पोर्तुगीजांच्या काळात कंबोडियाच्या नावावरून जपानीत आलं, आणि ही भोपळ्याची जात मुळात दक्षिण अमेरिकेतली. त्सुजी किंवा साकाई, कोणत्याही जपानी घरात तो शिजतो तो साधारण असा. मोठ्या फोडी, सालीसकट, कडा थोड्या तासलेल्या. साल खाली करून एका थरात मांडायच्या. त्यावर दाशी, साखर, मिरिन आणि सोया सॉस. वर ‘ओतोशीबुता’, म्हणजे भांड्यापेक्षा लहान, थेट फोडींवर टेकणारं झाकण. त्यामुळे थोड्याच रसात सगळ्या फोडी शिजतात आणि एकमेकींवर आपटून फुटत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी आच बंद करून भोपळा रसातच निवू द्यायचा. निवताना चव आत मुरते.

आता आपली भाजी. तेलात मेथीदाणे, हिंग, हळद, तिखट. फोडी परतायच्या. झाकणावर पाणी ठेवायचं. त्या पाण्याने झाकण गार राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होते आणि परत भाजीत पडते, म्हणून वरून पाणी न घालता भोपळा शिजतो. शेवटी गूळ, मीठ, ओलं खोबरं. दोन्हीकडे गोड-खारट तोल, दोन्हीकडे झाकणाची युक्ती. फरक एवढाच की जपानी स्वयंपाकात चव आधी पाण्यात उतरवतात आणि आपल्याकडे तेलात. कोंबू या समुद्रशेवाळात जे ग्लुटामेट असतं ते पाण्यात विरघळतं. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये तोक्योत तेच वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. मोहरी-हिंग-मेथीचा सुगंध मुख्यतः तेलात उतरतो. दाशी आणि फोडणी ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत.

मी कबोचाची भाजी आपल्या पद्धतीने, पण त्यांच्यासारखी साल ठेवून केली आणि आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “अरे, साल काढली नाहीस? चावायला लागत असेल.” मी म्हटलं, शिजून मऊ होते. “मग राहू दे की. सालीची आपण चटणी करतोच.” तिला ही भाजी कशाच्या ऐवजी आहे हा प्रश्न पडलाच नाही. पद्धत तीच होती, म्हणून तिच्या लेखी ती भोपळ्याचीच भाजी.

इथवर मी साकाईंच्या बाजूने बोललो. पण पुस्तकावर माझे दोन आक्षेप आहेत आणि ते लहान नाहीत.

पहिला ‘रोजच्या जिनसा’ या शब्दांबद्दल. उपशीर्षकात रोजच्या पाककृतींचं आश्वासन आहे. पास्ता, कोबी, कोंबडी, बटाटे हे रोजचं खरं; पण पदार्थाला वाफू करणारं जे आहे, कोंबू, कात्सुओबुशी, मिसो, कोजी, ते लॉस एंजेलिसच्या लिटल तोक्योजवळ राहणाऱ्याला रोजचं. मध्य-पश्चिमेतल्या लहान विद्यापीठाच्या गावात राहणाऱ्याला त्यासाठी गाडी काढून दोन तास जावं लागतं किंवा घरपोच मागवावं लागतं. अंग रोजचं आणि जीव आयात केलेला, अशी ही विभागणी आहे. शाकाहारी मराठी वाचकाची अडचण आणखी वेगळी. नेहमीच्या दाशीत कात्सुओबुशी, म्हणजे धुरावलेला सुका मासा असतो. यातून वाट आहे आणि ती जुनी आहे : बौद्ध मठांतल्या शोजिन स्वयंपाकात कोंबू आणि सुके शिताके मशरूम यांचीच दाशी चालते. लिटरभर गार पाण्यात दहा ग्रॅम कोंबू आणि दोन-तीन सुके शिताके रात्रभर ठेवले की झालं. पण त्यासाठीही कोंबू लागतोच.

शिवाय एखादी जिन्नस आपोआप रोजची होत नाही. ती कोणीतरी केलेली असते. सोया सॉसचंच पाहा. आज अमेरिकेतल्या कुठल्याही किराणा दुकानात तो मिळतो, कारण किक्कोमनने 1957 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आपलं बस्तान बसवलं, अमेरिकन घरांना तो मांसाला लावायला शिकवलं आणि 1973 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉलवर्थ इथे कारखाना काढला. तिथल्याच गव्हा-सोयाबीनपासून तो बनू लागला. गोड्या मसाल्याच्या वाट्याला असं काही आलेलं नाही. साकाईंना जे सहज म्हणता येतं त्यामागे असा मोठा उद्योग उभा आहे, हे विसरून आपण स्वतःला कमी लेखायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. ‘वाफू’ हा शब्द हसरा आहे. त्यात निवड आहे, खेळ आहे. पण अमेरिकेत जपानी माणसाने अमेरिकन जिनसा जपानी ढंगाने रांधल्या, त्या प्रत्येक वेळी हौसेने रांधल्या नाहीत. 19 फेब्रुवारी 1942 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 9066 क्रमांकाचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. तिथे स्वयंपाकघर नव्हतं. रांगेत उभं राहून सामुदायिक भोजनगृहात जेवायचं. जीन वाकात्सुकी ह्यूस्टन यांनी ‘फेअरवेल टू मॅन्झनार’ (1973) या आठवणींच्या पुस्तकात सांगितलं आहे की भातावर डब्यातले गोड जर्दाळू वाढले जायचे. वाढणाऱ्याला वाटायचं भात म्हणजे गोड पदार्थ. त्यांची त्याहून मोठी तक्रार ही, की मुलं मित्रांबरोबर, मोठी माणसं आपापली, असं करत त्यांचं कुटुंब एकत्र जेवायचंच थांबलं.

आणि तरी त्याच छावण्यांत हॉटडॉगचे तुकडे, अंडी आणि सोया सॉस एकत्र परतून भाताबरोबर खाल्ले गेले. सुटकेनंतरही काही कुटुंबांनी हा पदार्थ चालू ठेवला. मॅन्झनारमध्ये कैदेतल्या लोकांनी पुढे स्वतः सोया सॉस करायला घेतला. रोजच्या जिनसांतून जपानी चव काढायचा हा अमेरिकेतला फार मोठा प्रयोग होता, आणि तो सक्तीचा होता. ‘वाफू’ म्हणजे सर्जनशील मिश्रण, एवढंच समजून पुस्तक मिटलं तर या शब्दाचं निम्मं वजन हातातून सुटतं. माझ्या मते हा शब्द अमेरिकेत वापरायचा तर मॅन्झनारची रांग त्याच्या पाठीमागे दिसत राहायला हवी.

हे आपल्यालाही लागू आहे, अर्थात वेगळ्या अर्थाने. आपण इथे स्वखुशीने आलो, व्हिसा घेऊन आलो. कोणी आपली स्वयंपाकघरं काढून घेतली नाहीत. ज्यांची काढून घेतली त्यांनी हॉटडॉगलासुद्धा आपलंसं केलं, आणि आपण भरल्या दुकानात उभं राहून ‘तशी चव नाही’ म्हणतो.

करीची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती फिरून आपल्या दारात येते. जपानी करी मेजी काळात इंग्रजांमार्फत जपानमध्ये पोचली, म्हणून ती पीठ लावून घट्ट केलेली. 1927 मध्ये तोक्योतल्या शिंजुकू भागात नाकामुराया या दुकानाने भारतीय पद्धतीची करी विकायला सुरुवात केली. ती आणली रासबिहारी बोस यांनी. ब्रिटिशांपासून पळून 1915 मध्ये जपानला गेलेल्या या क्रांतिकारकाला नाकामुराया चालवणाऱ्या सोमा कुटुंबाने लपवलं होतं, आणि पुढे त्यांच्याच मुलीशी त्यांचं लग्न झालं. 1963 मध्ये हाउस फूड्सने सफरचंद आणि मध घातलेली करीची वडी बाजारात आणली आणि अमेरिकेतल्या राज्यावरून तिचं नाव ठेवलं, ‘व्हरमाँट करी’. आज ती वडी अमेरिकेतल्या आशियाई दुकानांत मिळते आणि आपली मुलं ती आवडीने खातात. भारत, इंग्लंड, जपान, व्हरमाँट. जपानी लोकांनी या प्रवासात कुठेही ‘अस्सल नाही, पण चालेल’ असं म्हटलं नाही. त्यांनी तिला ‘कारे’ म्हटलं आणि ती त्यांची झाली.

मग आपण हे कधी केलंच नाही का? केलं आहे, आणि इतकं पक्कं की आपल्याला ते दिसेनासं झालं. सर्वांत सोवळं जेवण कुठलं, तर उपासाचं. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटाही तिथलाच, आणि ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून घेतलेला. मिरची अमेरिका खंडातलीच. आषाढी एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीतून जिरं, तूप आणि मीठ वगळलं तर जवळजवळ सगळं परदेशी आहे. ही आपली वाफू खिचडी. ती पहिल्यांदा करणाऱ्या बाईने ‘वरीच्या तांदळाऐवजी’ अशी खंत बाळगली असती, तर तो पदार्थ झाला नसता.

तर अडलं कुठे? माझा तर्क असा, की आपली पाककृतींची पुस्तकं पदार्थांच्या यादीने चालतात. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ (1970) घ्या. वाटी-चमच्याच्या नेमक्या मापांमुळे ते लग्नात भेट म्हणून घरोघर पोचलं आणि माहेर सोडून दूर गेलेल्या कितीतरी मुलींचा आधार झालं. त्याचं ऋण मोठं आहे. पण त्याची मांडणी भाज्या, आमट्या, पक्वान्नं अशी आहे. लॉस एंजेलिसमध्येच राहणाऱ्या कौमुदी मराठे यांचं ‘द इसेन्शिअल मराठी कुकबुक’ (2009) इंग्रजी वाचकाला मराठी जेवण म्हणजे नुसती करी नव्हे हे समजावून देतं. त्यांनी आपल्या व्यवसायाचं नावच ‘अन-करी’ ठेवलं. तेही मोलाचं काम, पण जतनाचं. पदार्थ शिकलेल्याला एक जिन्नस मिळाली नाही की पदार्थच अडतो आणि तो ‘ऐवजी’ शोधायला लागतो. पद्धत शिकलेला समोर येईल ती भाजी घेतो.

आणि पद्धतींना आपल्याकडे नावांची वाण नाही. ‘पीठ पेरून’ ही एक पूर्ण पद्धत आहे : भाजीला सुटलेलं पाणी बेसन शोषून घेतं आणि वाफेवर शिजतं. म्हणून ती झुकिनीला तंतोतंत लागू पडते, कारण झुकिनी पाणी सोडते. केल जाड आणि कोरडा, त्याला पाण्याचा हबका जास्त मारावा लागतो. ‘कूट लावून’ ही दुसरी. जपानी घरांत उकडून पिळलेल्या पालकाला भाजल्या तिळाचं कूट, सोया सॉस आणि साखर लावतात, ते ‘गोमाए’. आपल्या दाण्याच्या कुटाच्या कोशिंबिरीची ही सख्खी बहीण. आणि ‘आपली दाशी कुठली’ असं कोणी विचारलं तर माझं उत्तर आहे कट. पुरणाची डाळ उपसून उरलेलं पाणी टाकून न देता त्याची आमटी करणाऱ्या स्वयंपाकाला पाण्यात चव कशी उतरते हे शिकवायची गरज नाही. मोड आलेल्या कडधान्याचं कळण तेच, आणि कोकणातल्या घरांत सुक्या सोड्यांचं पाणीही तेच. हे सगळं आपल्या आयांना हाताने माहीत आहे. पद्धतींच्या नावाने प्रकरणं पाडून ते कोणी लिहिलेलं मात्र माझ्या पाहण्यात नाही.

हे लिहिणं आता गरजेचं आहे, कारण आपली इथे वाढलेली मुलं ‘चालतं’ हा शब्द ऐकत मोठी होत आहेत. त्यातून त्यांना कळतं ते एवढंच, की खरं जेवण दुसरीकडे आहे आणि आपल्या घरी त्याची नक्कल शिजते. नक्कल पुढे कोण चालवतो? आजीने बॅगेतून आणलेल्या गोड्या मसाल्याचा शेवटचा पुडा संपला की त्यांच्या लेखी विषय संपेल. पण ज्या मुलीला झाकणावर पाणी का ठेवतात हे माहीत आहे, ती कुठल्याही गावात, कुठल्याही भोपळ्याची भाजी करील.

‘वाफू कुकिंग’ घ्यावं का? ज्यांच्याकडे आधीच दाशी-मिसोची ओळख आहे त्यांनी जरूर घ्यावं. ज्यांची नाही त्यांनी 2019 चं ‘जॅपनीज होम कुकिंग’ आधी घ्यावं. पाया तिथे आहे. आणि दोन्ही वाचताना पाककृतींपेक्षा मांडणीकडे लक्ष द्यावं.

मी माझ्या वहीत एक बदल केला आहे. नोव्हेंबरात क्रॅनबेरी येते. ही इथल्याच मातीतली, विस्कॉन्सिनात सगळ्यांत जास्त पिकणारी, कैरीइतकी आंबट. मोहरी-मेथी-हिंगाच्या फोडणीवर ती टाकली की मिनिटाभरात तडतड फुटते. मग तिखट, मीठ आणि गूळ. आंबटपणा बोचरा, म्हणून गूळ कैरीपेक्षा थोडा जास्त. आधी माझ्या वहीत ही नोंद ‘मेथांबा (कैरीऐवजी क्रॅनबेरी)’ अशी होती. आता तिथे ‘क्रॅनबेरीचा मेथांबा’ असं लिहिलं आहे. कंस खोडला, आणि त्याखालचं ‘तशी चव येत नाही’ हे वाक्यही.